नवस तिचा, दीक्षा त्याची

गुणवंत आढावला पाळक व्हायचं होतं, पण शपथ घ्यायची नव्हती. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात तोक्योतल्या ओजिमाच्या मराठी मंडळीत ह्या एका गोष्टीचा एवढा काथ्याकूट झाला, की रविवारी गाणी दोन आणि वाद चार अशी पाळी आली. आणि ज्या बाईने ह्या वादाला दारूगोळा पुरवला, ती बिचारी समजत होती की आपण नवऱ्याच्या मनातली शंका फेडतोय.

ती बाई म्हणजे गुणवंतचीच बायको, स्नेहलता. नगरजवळच्या एका बायबल शाळेतल्या मास्तरांची मुलगी. वडिलांनी तिला लहानपणी खेळणी फार दिली नाहीत, पण कुठलं वचन कुठे आहे हे बोटांवर मोजून सांगायला शिकवलं. लग्नात वडिलांचा जाडजूड संदर्भकोश तिच्याबरोबर सासरी आला आणि पुढे विमानाने जपानलाही आला. गुणवंतच्या तीन वर्षांच्या प्रवचनांतलं जे जे लोकांनी वाहवा करत घरी नेलं, ते सगळं आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्नेहलताच्या हाताखालून गेलेलं होतं. ही गोष्ट नवराबायको दोघांनाच माहीत होती, आणि दोघांपैकी एकाला ती आताशा सोसत नव्हती.

तोक्योच्या कोतो वॉर्डात त्या वर्षांत सॉफ्टवेअरवाल्यांचा पूर लोटला होता. इमारतीच्या इमारती पुण्या-मुंबईच्या माणसांनी भरल्या होत्या. त्या गर्दीत चौदा घरं मराठी ख्रिस्ती लोकांची होती; नगरची, सोलापूरची, दोन पुण्याची. वॉर्डाच्या समाजमंदिरात तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांना दर रविवारी नऊ ते बारा मिळायची. बाराला पाच मिनिटं उरली की खालचा म्हातारा कर्मचारी दारात येऊन कमरेत वाकायचा. इतका नम्र हुकूम जगात दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. लोक प्रार्थना आवरती घेऊन खुर्च्या रचायला लागायचे.

गुणवंत एका बँकेच्या सिस्टिमवर कॉन्ट्रॅक्टवर होता. आठवडाभर ऑफिसात ‘आढाव-सान’, रविवारी मंडळीत ‘गुणवंतभाऊ’. उंच, देखणा, आवाज असा की साधी सूचना वाचली तरी बायका पदराने डोळे टिपतील. “प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, मी कोड लिहून भरतो,” हा त्याचा विनोद तीन वर्षं चालला होता आणि मंडळी तीन वर्षं त्याला हसत होती.

पण प्रवचन कोणीही करावं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देणं दीक्षा झालेल्या पाळकाचंच काम. दोन बाळं बाप्तिस्म्यावाचून खोळंबली होती. आदल्या वर्षी मंडळीतल्या कल्पनाचे सासरे मुलाकडे पाहुणे म्हणून आले आणि इथेच गेले. जन्मभर नगरच्या मळ्यात भजनं म्हटलेल्या त्या माणसाला कोणा जपानी पाळकाने त्याला कधीही न कळलेल्या भाषेत निरोप दिला. तेव्हापासून कल्पनाने ध्यास घेतला, की आपला पाळक हवा. मंडळीने नगरकडच्या मातृमंडळीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की सप्टेंबरात रेव्हरंड सदानंद रणपिसे येतील आणि गुणवंतला दीक्षा देतील. अट एकच. पाच वर्षं हा कळप सोडणार नाही, अशी त्याने सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. म्हाताऱ्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘तुमच्या धंद्यातली माणसं आज इथे तर उद्या तिथे. मेंढरं सोपवायची तर मेंढपाळालाही दावं हवं.’

जुलैतल्या एका संध्याकाळी जेवताना गुणवंत म्हणाला, “स्नेहल, शपथेबद्दल शास्त्रात काय काय आहे ते जरा काढून दे. पाळकाने शपथ घ्यावी की नाही, हे मला नीट कळायला हवं. मनाला टोचतंय.”

मनाला टोचतंय म्हटल्यावर स्नेहलता विरघळली. अकरा संध्याकाळी ती कोश उघडून बसली. वहीचं पान मधोमध दुमडून तिने दोन रकाने केले. एका बाजूला प्रभूचं डोंगरावरचं बोलणं: शपथ वाहूच नका, तुमचं हो ते हो असू द्या, त्याहून जास्त जे काही ते सैतानाचं. तेच याकोबाच्या पत्रात पुन्हा. मग तो इफ्ताह, ज्याने लढाई जिंकायला भलताच नवस केला आणि पोटच्या पोरीला त्याची किंमत मोजायला लावली. दुसऱ्या बाजूला हन्ना, जिने लेकरू होण्याआधीच ते देवाला देऊन टाकलं आणि खरंच दिलं. पौल, ज्याने स्वतःच नवसासाठी डोकं भादरून घेतलं होतं. तो भला माणूस, ज्याचं नुकसान झालं तरी तो शब्द फिरवत नाही.

“मग तुझं मत काय?” गुणवंतने विचारलं.

स्नेहलताने दोन्ही रकान्यांवर बोट ठेवलं. “जो माणूस खरा आहे त्याला शपथेची गरज नाही. आणि जो खरा नाही, त्याच्यासाठीच तर शपथ असते.”

गुणवंतने ह्यातलं पहिलं वाक्य आपल्या वहीत टिपून घेतलं. दुसरं राहू दिलं. दोन रकान्यांतलाही त्याने एकच उतरवून घेतला. स्नेहलताने हे डोळ्यांनी पाहिलं आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. दिवसभर कामाने थकलाय, उरलेलं उद्या घेईल, असं ती समजली. बायका हुशार असतात म्हणतात. असतीलही, पण नवऱ्याच्या बाबतीत त्यांची हुशारी कुठे पेंड खायला जाते कोण जाणे.

त्याच दिवसांत तिने आणखी एक गोष्ट केली. जवळच्या भारतीय शाळेत ती तात्पुरती शिकवत होती आणि शाळेने तिला कायमची जागा देऊ केली होती. मूलबाळ नव्हतं, दुसऱ्यांच्या मुलांत तिचा जीव रमायचा. गुणवंत म्हणाला, “पाळकीणबाई दिवसभर शाळेत, मग घरभेटी कोण करणार? आपलं काम आता मंडळी.” आपलं म्हणाला, माझं नाही म्हणाला, ह्याचंच तिला कौतुक. तिने शाळेला नकार कळवला.

सप्टेंबरच्या मध्याला रेव्हरंड रणपिसे आले. अडुसष्ट वर्षांचं वय, पहिलाच विमानप्रवास. हा माणूस आपल्या शपथेखाली एकतीस वर्षं एकाच खेड्यात राहिला होता. बायको तिथेच गेली, कारण दवाखाना बावीस किलोमीटरवर होता. हे त्यांनी जेवताना वरणभात कालवत सांगितलं, आणि पुढे भाजी चांगली झालीय म्हणाले.

रविवारी खोली गच्च भरली. दोन्ही बाळं पांढऱ्या कपड्यांत, कल्पनाने केस धुऊन नवी साडी नेसलेली. पावणेबारा होत आले तेव्हा रेव्हरंडांनी गुणवंतला पुढे बोलावलं.

“शपथ घेतोस का, गुणवंत?”

“रेव्हरंड, प्रभूने शपथ वाहूच नका म्हणून सांगितलंय,” गुणवंत त्या सुंदर आवाजात म्हणाला. “जो माणूस खरा आहे त्याला शपथेची गरज नाही. पाळकानेच प्रभूची आज्ञा मोडून सुरुवात केली, तर मेंढरांनी काय शिकावं?”

मागून कोणीतरी ‘आमेन’ म्हणालं. आपलं वाक्य सगळ्यांसमोर ऐकून स्नेहलताला अभिमानच वाटला.

म्हाताऱ्याने मान डोलावली. “बरोबर बोललास. शपथ नको. साधं हो म्हण. पाच वर्षं राहीन म्हण. मला तेवढं पुरे.”

आता आली का पंचाईत! गुणवंतने घसा साफ केला. “उद्याचा दिवस माणसाच्या हातात नाही, रेव्हरंड. देवाची इच्छा असेल तर राहीन, असंच म्हणावं, हेही शास्त्रच सांगतं.”

“म्हणजे शपथही नाही आणि हो सुद्धा नाही,” रेव्हरंड म्हणाले. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि ते खुर्चीवर बसले. “मग माझेही हात ह्याच्या डोक्यावर जायचे नाहीत.”

एक बाळ किरकिरायला लागलं. कल्पनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. बाराला पंधरा मिनिटं होती.

स्नेहलता उभी राहिली. का उभी राहिली, हे तिने नंतर शंभर वेळा स्वतःला विचारलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसत होतं, की नवरा तत्त्वाला अडलाय, म्हातारा शब्दाला अडलाय, आणि मधल्या मध्ये मंडळी मरतेय. “मी देते शब्द,” ती म्हणाली. “मी देवासमोर नवस करते. पाच वर्षं मी ही मंडळी सोडणार नाही. आणि मी जिथे राहीन तिथे हे राहतीलच.” बायको जिथे तिथे नवरा, असा तिचा साधा हिशेब. नगरकडे आजवर तो कोणी तपासून पाहिला नव्हता.

रेव्हरंड गुणवंतकडे वळले. “मोशेचा नियम तुला ठाऊक असेल. बायकोने नवस केला आणि नवऱ्याने ऐकला, तर त्याच दिवशी तो नको म्हणू शकतो. नवस रद्द, तिला दोष नाही. पण तो गप्प राहिला, तर नवस पक्का. तू ऐकलंस, गुणवंत. बोलायचं तर आज बोल.”

गुणवंतने बायकोकडे पाहिलं, गोड हसला आणि मूग गिळून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेव्हरंडांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. दोन्ही बाळांचे बाप्तिस्मे घाईघाईत उरकले, आणि दारात तो कर्मचारी वाकला तेव्हा गुणवंत आढाव रेव्हरंड गुणवंत आढाव झालेला होता.

पुढचा दीड महिना स्नेहलता सुखात होती, खोटं कशाला बोला. सायकलवर बसून घरभेटी करायची, बाळंतिणींना डिंकाचे लाडू द्यायची, नव्याने आलेल्या बायकांना कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते शिकवायची.

ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी गुणवंत टाय सोडता सोडता म्हणाला, “नागोयाला ट्रान्सफर आलीय. मोटार कंपनीचं प्रोजेक्ट. लीडचं काम आहे, चार वर्षांचं. येत्या सोमवारीच निघावं लागेल.”

“कधी कळलं?”

“आजच.”

स्नेहलताने चमचा खाली ठेवला. “आणि मंडळी?”

“नागोयातही आपले लोक आहेत, स्नेहल. दीक्षा काय एका पत्त्यावर मिळालेली नसते.”

“आणि मी?”

“तू नवस केलायस ना,” गुणवंत म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. तापलेल्या लेकराला औषध कडू आहे हे सांगावं तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नगरला फोन लावला. सलाम झाला आणि तिने सगळं सांगितलं.

“चूक माझी आहे, बाई,” पलीकडून रेव्हरंड म्हणाले. “नवस तुझा होता आणि मी हात त्याच्या डोक्यावर ठेवले.”

“मला मोकळं करता येईल का तुम्हाला?”

“मला नाही. त्याला येईल. तू मास्तरांची मुलगी, तुला ठाऊकच असेल. ऐकल्याच्या दिवशी गप्प राहून नवऱ्याने नंतर बायकोचा नवस मोडायला लावला, तर ती सुटते. पण तिचा दोष त्याच्या माथी बसतो. त्याला म्हणावं, दोष घे आणि बायकोला घेऊन जा. एवढा तरी पुरुष असेल तो.”

तिला ठाऊक होतंच. फक्त कोणीतरी बोलून दाखवायला हवं होतं. रात्रीच्या जेवणाची ताटं वाढता वाढताच तिने नवऱ्यापुढे ते मांडलं. “तुम्ही एवढंच म्हणायचं, की मी हा नवस रद्द करतो आणि त्याचं पाप माझं. मी तुमच्याबरोबर नागोयाला येते.”

“शपथ, नवस, ह्यावर माझा विश्वास नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“आणि लग्नात काय घेतली होती?” तिचा आवाज चढला. “सुखात, दुःखात, मरेपर्यंत! तेव्हा नाही आठवलं, शपथ वाहू नका म्हणून?”

“तेव्हा मला एवढं शास्त्र कुठे येत होतं!”

हे मात्र खरं होतं. ते त्याला नंतर आलं, आणि शिकवणारी समोरच आमटी वाढत बसली होती. स्नेहलताला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही.

गुणवंत जरा नरमला. “बरं. मी प्रार्थना करतो. ह्या रविवारी माझं शेवटचं प्रवचन आहे. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलतो. सगळ्यांसमोर केलेला नवस, सगळ्यांसमोरच सोडवायला हवा.”

सोडवायला म्हणाला! एवढ्या एका शब्दावर स्नेहलताने तीन दिवसांत संसार बांधला. दोन मोठ्या बॅगा भरल्या. कुंड्या कल्पनाला दिल्या. स्वयंपाकघरातलं टेबल नागोयाला नेण्यात अर्थ नव्हता. तिने वॉर्डाच्या ऑफिसात फोन करून मोडक्यातोडक्या जपानीत मोठ्या कचऱ्याची वेळ घेतली, कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, कचऱ्याच्या पैशांचं स्टिकर आणून टेबलाला चिकटवलं, आणि शनिवारी सकाळी गाडीवाले ते घेऊन गेले. गुणवंतने हे सगळं पाहिलं. टेबलाचं एक टोक धरून ते लिफ्टपर्यंत न्यायला मदतही केली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

रविवारी तो हन्नावर बोलला. पोटचं लेकरू देवाच्या दारात ठेवून पाठ फिरवणारी आई त्याने अशी उभी केली, की पुरुषसुद्धा रुमाल शोधायला लागले. मग आवाज खाली आणून म्हणाला, “अशीच एक हन्ना देवाने माझ्या घरात दिली. मी चाललो, कारण पोटापाण्याची आज्ञा आली. पण ती तुमच्यासाठी इथे मागे राहते आहे. मी तिला मोकळं करू शकलो असतो. नियमात सोय आहे. पण देवाला दिलेला शब्द परत घे, असं म्हणणारा मी कोण? माझ्या संसाराचं काय व्हायचं ते होवो.” इथे त्याला रडू कोसळलं. खरोखर कोसळलं. ह्या माणसाची हीच खुबी होती, त्याला स्वतःचं बोलणं ऐकून खरं रडू यायचं.

कल्पना धावत येऊन स्नेहलताच्या गळ्यात पडली. स्नेहलताने तिला हळूच बाजूला केलं आणि ती उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “मला हन्ना व्हायचं नाही. मला तुमच्याबरोबर यायचंय. माझं पाप तुमच्या माथी घ्या आणि मला मोकळं करा. एक वाक्य आहे. आत्ता म्हणा.”

सगळी खोली गुणवंतकडे बघायला लागली. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले. तेवढ्यात दारात तो कर्मचारी आला आणि कमरेत वाकला.

“वेळ झाली,” गुणवंत म्हणाला. “चला, खुर्च्या रचू या.”

आणि लोक उठले. किती पटकन उठले! एवढ्या चपळाईने त्यांनी खुर्च्या कधी रचल्या नव्हत्या. सोमवारी सकाळच्या शिनकान्सेन बुलेट ट्रेनने रेव्हरंड आढाव नागोयाला गेले.

तरीही, सांगायला हवं, की त्या आठवड्यात स्नेहलता नवऱ्यावर नाही, स्वतःवर चिडत होती. आपणच उभं राहिलो. आपणच तोंड उघडलं. हौसेने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आता ठणकतोय म्हणून कोणाला सांगणार? जमिनीवर ताट घेऊन ती एकटी जेवायची आणि मनात म्हणायची, नवस केला नसतास तर आज त्याच्याबरोबर असतीस.

बुधवारी सकाळी सायकली ठेवायच्या जागेत तिला चारुता भेटली. चारुता पुण्याची, त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा अंबरीष गुणवंतच्याच टीममध्ये होता. मंडळीशी, नवसाशी तिचा काही संबंध नव्हता. मनाने निर्मळ बाई, आणि निर्मळ माणसं जे बोलून जातात ते कपटी माणसाला सुचणार नाही.

“बरं झालं बाई तुम्ही इथेच राहिलात!” चारुता कुलूप काढता काढता म्हणाली. “अंबरीषने जुलैत सांगितलं, गुणवंत-सान नागोयाला निघाले, तेव्हा मला धसकाच बसला होता. म्हटलं, आता आपल्याला सोबत कोणाची? मग तो म्हणाला, अगं ते एकटेच जातायत, तान्शिन-फुनिनचा फॉर्म भरलाय त्यांनी.”

बायकोमुलांना आहे तिथे ठेवून माणसाने एकट्याने बदलीच्या गावी राहायचं, ह्याला जपानी ऑफिसांत तान्शिन-फुनिन म्हणतात. कंपनी एका माणसापुरती खोली देते. मुलांच्या शाळा मोडू नयेत म्हणून लोक नाइलाजाने तो फॉर्म भरतात.

“जुलैत?” स्नेहलताने विचारलं. “नक्की जुलै?”

“अहो, आमच्या चिन्मयच्या वाढदिवसाच्या आठवड्यातच. का हो? काय झालं?”

“काही नाही,” स्नेहलता म्हणाली.

ती सायकल तिथेच ठेवून वर आली आणि दार लावून भिंतीशी बसली. जुलै. म्हणजे ती टेबलाशी दोन रकाने करत बसली होती तेव्हा. शाळेला नकार कळवला त्याच्या आधी. रेव्हरंड आले, ती उभी राहिली, त्याच्या दोन महिने आधी ह्या माणसाने कागदावर लिहून दिलं होतं, की मी एकटा जाणार. तिने नवस केला असता काय आणि नसता काय. दुसरी बाई असती, तर निदान समजलं तरी असतं. तसलं काही नव्हतं. त्याला फक्त अशा गावी जायचं होतं जिथे त्याचं प्रवचन ऐकताना समोर एकही माणूस असा नसेल, ज्याला ते कुठून आलं हे ठाऊक आहे. आणि तिने भोळेपणाने त्याला वर निमित्तही पुरवलं. त्याला बायको टाकून जायचं होतं. तिच्या नवसामुळे लोकांच्या नजरेत तो बायकोचा त्याग करून गेला. स्नेहलता त्या दुपारी मोठ्याने रडली. शेजारच्या जपानी म्हातारीने भिंतीवर टकटक केली तेव्हाच थांबली.

रविवारी ती मंडळीत गेली. पहिल्या गाण्यानंतर उभी राहिली आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. जुलै, फॉर्म, रेव्हरंडांनी सांगितलेला नियम. तिला वाटलं होतं, आता तरी कोणी म्हणेल, बाई, तुझ्यावर अन्याय झाला. फार नाही, एकाने म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“पाळकीणबाई,” कल्पना हळू आवाजात म्हणाली, “रागाच्या भरात काहीही बोलू नये माणसाने. भाऊ कसे रडले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.”

“आणि खरं सांगायचं तर,” मागून सोलापूरचा यतीन म्हणाला, “नवऱ्याला अडकवायला बाईने नवस केला. तो उलटला, तर आता पाळकाला दोष? ऑफिसवाल्यांच्या बायकांच्या गप्पांवरून?”

कोणी त्याला गप्प बस म्हणालं नाही. उलट एका वडीलधाऱ्या बाईंनी विषय बदलत सांगितलं, की गुणवंतभाऊंशी फोनवर बोलणं झालंय. महिन्यातून एका रविवारी ते नागोयाहून येतील, प्रभुभोजन देतील, संध्याकाळच्या गाडीने परत जातील. भाड्याचे पैसेसुद्धा नको म्हणाले. देवमाणूस! सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि दुसरं गाणं सुरू केलं.

बारा वाजता खुर्च्या रचताना कल्पना जवळ आली. तिलाही जरा अवघडल्यासारखं झालं असावं. ती म्हणाली, “राग नका मानू. माझ्या सासूबाई आल्यात, गुडघे धरलेत त्यांचे, बाहेर पडवत नाही. घरभेटीला कोणी येत नाही म्हणून कुरकुरतात. बुधवारी याल का?”

स्नेहलताने तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांतले दोन महिने संपले होते. उरलेली चार वर्षं दहा महिने ह्याच माणसांत काढायची होती, आणि तिला मोकळं करणारं आता कोणी नव्हतं.

“येते,” ती म्हणाली.

आणि बुधवारी गेली.